सुनीताच्या डोक्यावर ठेवलेला हात

माझं नाव दत्ताराम. आडनाव सांगत नाही, कारण आडनाव माझ्या एकट्याचं नाही आणि माझ्यापायी त्याची आधीच पुष्कळ शोभा झालेली आहे. परळच्या एका शाळेत दर गुरुवारी संध्याकाळी दारू सोडलेली आणि सोडू बघणारी माणसं जमतात, त्यातला मी एक. पहिलीतल्या मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतो आणि जे घरी बोलता येत नाही ते तिथे बोलतो. नव्याने येणारा माणूस पहिल्या दिवशी एक वाक्य हमखास म्हणतो, "मी शपथ घेतलीय, आता शिवणार नाही." सगळे माना डोलावतात. मी मात्र डोलावत नाही.

म्हणून हे लिहितोय. दारू कशी सोडावी ते सांगायला नव्हे, ते डॉक्टर मंडळी माझ्याहून चांगलं सांगतात. सोडल्यावर स्वतःशी कसं वागायचं हे मला फार उशिरा कळलं, आणि त्या उशिराची किंमत दुसऱ्याच कुणी दिली. तेवढं सांगतो.

संपाच्या नावावर

मी साचेवाला, म्हणजे गिरणीत कापड विणणारा. चार साचे, म्हणजे चार माग, सांभाळायचो. साचेखात्यात आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर त्याचे ओठ वाचावे लागत. बाहेर आल्यावरही आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो आणि चाळीतल्या लोकांना वाटायचं, आले भांडत.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा माझी मुलगी सुनीता आठ वर्षांची होती. बायको मंदा घरात खानावळ चालवायची. जेवणारे गडी एकेक करून गावी निघून गेले, चूल थंडावली, तशी ती लोअर परळच्या एका कारखान्यात शर्टांना काज-बटण करायला जाऊ लागली. मी घरी. सकाळी भोंगा वाजत नव्हता तरी सहाला जाग यायची, आणि जाग आल्यावर करायला काही नसायचं.

संपाने मला दारुडा केला, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आलो. ऐकणाऱ्याला ते पटायचंही. गिरणगावात असं सांगणारा मी एकटा नव्हतो, आणि काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. माझ्या बाबतीत खोटं आहे. गिरणीतली पाळी सुटल्यावर दोन ग्लास मारल्याशिवाय घरचा जिना चढायचा नाही, ही सवय मला संपाच्या कितीतरी आधीपासून होती. संपाने फक्त पाळी काढून घेतली. ग्लास राहिले.

होय म्हाराजा

लालबागला आमच्या गावकऱ्यांची एक खोली होती. मालवणकडच्या आमच्या गावातून मुंबईत आलेला एकटा पुरुष पहिल्यांदा तिथेच पथारी टाकायचा. भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर. कुणी गावाला निघालं, कुणाच्या मुलाची परीक्षा असली, कुणाचं लग्न ठरलं, की तसबिरीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. एकाने देवाला हाक मारून सगळं सांगायचं, चुकांची क्षमा मागायची, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं.

हे गाऱ्हाणं घालायचा मान माझ्याकडे होता. वयाने नव्हे, आवाजाने. आधी गाऱ्हाणं घालणारे आजोबा थकले आणि माझ्या गळ्यात साचेखात्याने कमावलेला दम होता. मला त्याचा भारी अभिमान. लोक म्हणायचे, दत्ताने गाऱ्हाणं घातलं की देवाला ऐकावंच लागतं.

संपाला दुसरं वर्ष लागलं तेव्हा माझं पिणं चाळीत कुणापासून लपलेलं नव्हतं. मंदाने ठरवलं, देवापुढे नारळ ठेवून दारू सोडायची. एका रविवारी सकाळी मी, मंदा, सुनीता आणि गावची पंधरावीस माणसं त्या खोलीत जमलो. माझं गाऱ्हाणं कोण घालणार? दुसरं कुणी नव्हतंच. माझं मीच घालायला उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो दत्ताराम तुझ्यासमोर उभो ऱ्हवलो हा!"

"होय म्हाराजा!"

"तेच्या हातान काय चुकला माकला असात, ता पदरात घे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आजपासून तो दारूक शिवाचो नाय म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

इथे थांबायचं होतं. नारळ फोडायचा, खोबरं वाटायचं, घरी जायचं. पण आवाज लागला होता. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसत होतं, आणि खरं सांगतो, त्याची मला चटक लागली. सुनीता माझ्या शेजारीच उभी होती. नऊ वर्षांची, दोन वेण्या, लाल रिबिनी. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "ह्या माझ्या चेडवाच्या डोक्यार हात ठेवन सांगतंय. शब्द मोडलंय तर हिचा बरा होवचा नाय म्हाराजा!"

कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मंदाने नाही, देवाने तर नाहीच. माझं तिच्यावर फार प्रेम होतं, आणि आमच्यात शपथ घ्यायची तर जे सगळ्यात प्रिय त्याची घ्यायची असते. तेवढंच माझ्या डोक्यात होतं.

या वेळी फक्त चारसहा जणांनी कसंबसं "होय म्हाराजा" म्हटलं. त्यात एक आवाज स्वच्छ होता. लहानपणापासून सवय होती ना तिला. माझ्या हाताखाली उभ्या असलेल्या सुनीतानेही म्हटलं, "होय म्हाराजा."

अकरावा दिवस

दहा दिवस मी शिवलो नाही. अकराव्या दिवशी गिरणीतला एक जुना सोबती कायमचा गावी चालला होता. त्याला निरोप द्यायला गेलो आणि दिवेलागणीला घरी आलो तो पिऊन आलो.

सुनीता अभ्यासाला बसली होती. मी आत पाऊल टाकलं तसं तिने नाक वर करून वास घेतला. पुस्तक मिटलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून बसली. अगदी स्थिर, मान ताठ. मला वाटलं, शाळेतला काही खेळ असेल.

"काय खेळतंस गो?" मी विचारलं.

तिचा हात छातीवरून हलला नाही.

पुढे सहा महिन्यांनी तिला टायफॉइड झाला. महिनाभर अंथरुणात होती. मंदा तिच्या उशाशी बसल्या बसल्या माझ्याकडे ज्या नजरेने बघायची, त्यावरून मी समजायचं ते समजलो. मला पोरीकडे बघवेना. तिने "बाबा" म्हणून हाक मारली की मी "आलो हां" म्हणून बाहेर जायचो, आणि जिथे जायचो ते तुम्हाला माहीत आहे. पोर आजारी पडली ती माझ्या दारूमुळे, अशी खात्री असताना मी आणखी प्यायलो. हे वाचताना तुम्हाला राग येत असेल. यायलाच हवा.

ती बरी झाली. आम्ही देवाचे आभार मानले. पण हे तुझ्या बापाच्या शपथेमुळे झालं नव्हतं गो, असं तिला जवळ घेऊन कुणी म्हणालं नाही. मंदाला ते खरंच शपथेमुळे झालं असं वाटत होतं म्हणून, आणि मी तिच्याकडे बघतच नव्हतो म्हणून. गाऱ्हाण्याचा मान माझ्याकडून गेला होताच. न बोलता गेला; लोक मला नारळाला बोलवेनासे झाले.

"हा आजार आहे"

दहा वर्षं अशीच गेली. त्यांचं वर्णन करत नाही, सगळ्या दारुड्यांची ती वर्षं सारखीच असतात. एका सकाळी तोंडातून रक्त आलं आणि मंदाने मला परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथला डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचा असेल. त्याने पोट दाबून बघितलं, डोळे बघितले, हात पुढे करायला सांगून थरथर बघितली. मग म्हणाला, "काका, दारूचं व्यसन हा आजार आहे. याला उपचार असतात."

मंदा म्हणाली, "आजार? मगे इतकी वर्सां आमी ह्यांका शिव्या घालत होतो त्या कशाक?"

तो हसला. मला हसू आलं नाही. उलट राग आला. आजार म्हटलं की माझ्याकडे दोष उरत नव्हता, आणि दोष हीच एक गोष्ट माझ्या हक्काची उरली होती.

दारू तुटल्यावर तिसऱ्या दिवशी मला वॉर्डात साचे ऐकू यायला लागले. चांगले जोरात, पूर्ण खातं चालू असल्यासारखे. मी खाटेवर उठून बसलो आणि ओरडलो, "संप मिटला! चला रे, संप मिटला!" समोरच्या रांगेतले दोन गिरणीवाले धडपडून उठले की हो. नर्सने येऊन तिघांनाही झोपवलं. त्या दोघांचे चेहरे मला अजून आठवतात. इतक्या वर्षांनीही ते चपला शोधत होते.

इस्पितळाचा दिवस ठरलेला असतो. सहाला चहा, मग ताप बघायचा, मग सुई, मग झाडूवाली बाई येऊन सगळ्यांना पाय वर घ्यायला लावायची. दुपारी पातळ खिचडी. मला ते आवडायचं. भोंगा गेल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी मला वेळेवर उठवत होतं.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या समाजसेविकेने आम्हा तिघांना आपल्या खोलीत बोलावलं. साठीकडे झुकलेली बाई, सगळे तिला ताई म्हणायचे. ताईंनी सुनीताला विचारलं, "तुला काही सांगायचंय का बाबांना?"

सुनीता तेव्हा वीस वर्षांची होती. तिने माझ्याकडे नाही, टेबलाकडे बघत सांगितलं.

"लहानपणी तुम्ही पिऊन आलात की मी छातीवर हात ठेवून बसायची. धडधडतंय का बघायला. मला वाटायचं, आज मी मरणार. शाळेच्या सहलीला मी कधी गेले नाही, का माहितीये? तुम्ही आदल्या दिवशी प्यायलेले असायचात. बस उलटेल असं वाटायचं. आणि माझ्यामुळे बाकीच्या मुलीपण मरतील."

मंदाने तोंडाला पदर लावला. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

"आता नाही वाटत तसं," सुनीता म्हणाली. "म्हणजे, कळतं. पण अजून वास आला की हात जातो."

पश्चात्ताप म्हणून

दुसऱ्या दिवशी घरी आलो. तिसऱ्या दिवशी प्यायलो.

हे मला नीट सांगायचंय, कारण माझ्यासारखे बरेच जण इथेच घसरतात. मी मजा म्हणून प्यायलो नाही, तलफ म्हणूनही नाही. ज्याने स्वतःच्या लेकरावर मरणाची टांगती तलवार ठेवली त्याला शुद्धीत बसून चहा प्यायचा हक्क नाही, असं मला मनापासून वाटलं. स्वतःला झोडपायला दुसरी काठी माझ्याकडे नव्हती. लोक म्हणतात, दारुड्याला लाज नसते. माझ्याकडे लाज इतकी होती की ती उतरवायला रोज प्यावं लागायचं, आणि प्यायलो की उद्यासाठी नवी लाज तयार. याला मी पश्चात्ताप म्हणत होतो. तिला मात्र त्यातून काय मिळत होतं? पुन्हा तोच वास.

अशी आणखी तीन वर्षं. त्यात सुनीताचं लग्न झालं. मंदा लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या तुमी येव नकात." तिच्या भावाने कन्यादान केलं. मी चाळीच्या गॅलरीत बसून होतो. शेजारच्या बाईने पंगतीतलं ताट झाकून आणून दिलं, ते मी तसंच ठेवलं. या एका दिवसाचं दुःख कमी होईल असं मला वाटत नाही, आणि ते व्हावं असंही वाटत नाही.

हरेश्वर

दुसऱ्यांदा इस्पितळात गेलो तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे आणि पोट टम्म फुगलेलं. शेजारच्या खाटेवर वरळी कोळीवाड्यातला हरेश्वर नावाचा माणूस होता. दारूच्या नशेत त्याच्या हातून धाकट्या भावाची होडी खडकावर गेली होती. भाऊ पोहत किनाऱ्याला लागला, पण त्याने हरेश्वरशी बोलणं टाकलं होतं. हरेश्वर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, जेवायचा नाही.

मी त्याला भरवायला लागलो. का ते माहीत नाही. माझे हात त्याच्यापेक्षा कमी थरथरत होते, एवढंच. "चल रे हरेश्वर, चार घास खा. पडलास तर पडलास. उद्याचं उद्या बघू." तो मला म्हणायचा, "दत्ता, तू माझी आय हायेस काय रं?" पण खायचा.

ताई हे बघत होत्या. एका दुपारी माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या.

"दत्तारामकाका, त्याला शिव्या का नाही घालत? भाऊ मेला असता त्याचा."

"ताई, तो आधीच अर्धा मेलाय. त्याला काय शिव्या घालायच्या?"

"मग तुम्ही स्वतःला सकाळसंध्याकाळ घालता त्या?"

"माझं वेगळं आहे. मी काय केलंय ते तुम्ही ऐकलंय."

"ऐकलंय. लहान नाहीये ते. पण एक सांगा, तुम्ही स्वतःला मारता तेव्हा सुनीताला काय मिळतं?"

दोन दिवस मी तोच प्रश्न घेऊन पडून होतो.

मग त्यांनी मला गृहपाठ दिला. रोज एकदा, हरेश्वरशी बोलता तसं स्वतःशी बोलायचं. मला वाटलं, काय ही थेरं. साठीला आलेला साचेवाला, स्वतःला बाळा-सोन्या करत बसणार! ताई म्हणाल्या, "लाड करा म्हटलं नाही मी. माणसासारखं वागवा म्हटलं."

जमेना

घरी आल्यावर प्रयत्न करून बघितला. जमेना. "दत्ताराम, होतं असं" एवढं म्हटलं की आतून दुसरा आवाज यायचा, "असं कुणाच्या हातून होतं रे, भडव्या?" आठवडाभर तोच आवाज जिंकला.

एका सकाळी गॅलरीत उभा होतो. समोर गिरणीची चिमणी, तिला धूर नव्हता. मला स्वतःशी बोलायचं तर येत नव्हतं. मला एकच बोलणं येत होतं. मी हळू आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझो..." आणि नावापाशी अडकलो. शेकडो जणांची नावं या जिभेने घेतली होती. परीक्षेत नापास झालेल्यांची, भावकीत भांडलेल्यांची, बायको टाकलेल्याचीसुद्धा. प्रत्येकासाठी "चुकला माकला पदरात घे" म्हणताना मला कधी जड गेलं नाही. माझं स्वतःचं गाऱ्हाणं मी एकदाच घातलं होतं, आणि त्यात क्षमा मागून होताहोताच पोरीला पणाला लावून मोकळा झालो होतो.

"...ह्यो तुझो दत्ताराम. तेच्या हातान लय चुकला, म्हाराजा. तेका पदरात घे."

एवढंच. शपथ नाही, वचन नाही. पुढे काय म्हणायचं ते सुचेना आणि "होय" म्हणायला कुणी नव्हतं. मी तसाच कठड्याला धरून उभा.

आतून, स्टोव्हच्या आवाजातून, मंदा म्हणाली, "होय म्हाराजा." आणि लगेच, "आता चाय पिवा, निवता."

मी तिच्याकडे पाठ करूनच रडलो. तिने कप कठड्यावर आणून ठेवला आणि कामाला गेली.

रोजचं

कुणी विचारतं, स्वतःला माफ केलंत का? नाही केलं. तो माझा अधिकारच नाही. मी स्वतःला मारणं बंद केलं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे समजायला मला दोन वेळा इस्पितळ बघावं लागलं.

म्हणजे रोज काय करतो? वेळेवर जेवतो. पूर्वी वाटायचं, माझ्यासारख्याला गरम कशाला, शिळं चालेल. आता मंदाबरोबर गरम खातो. समोरचे दात पडले होते, ते बसवून घेतले, कारण तोंड लपवत बोलायचा कंटाळा आला होता. एखाद्या दिवशी सगळं अंगावर येतं, ती नऊ वर्षांची पोर, त्या रिबिनी. अशा दिवशी मी गुरुवारची वाट बघत नाही, हरेश्वरकडे वरळीला जातो आणि जाळी विणत बसलेल्या त्याच्या शेजारी नुसता बसतो. तो आता पीत नाही. मधे एकदा घसरला होता, तेव्हा मी चार दिवस त्याच्याकडे जाऊन राहिलो. भाऊ अजून त्याच्याशी बोलत नाही.

नऊ वर्षं झाली. नव्या माणसाला मी एवढंच सांगतो की आज पिऊ नकोस, आणि कुणाच्याही डोक्यावर हात ठेवू नकोस. प्यायलासच तर इथे ये. त्यातल्या काहींना माझा राग येतो. शपथ घेतली की मोठं काही केल्यासारखं वाटतं, ते मी काढून घेतो म्हणून.

वडाळ्याला, रविवारी

सुनीता वडाळ्याला राहते. एका दवाखान्यात रिसेप्शनवर असते. महिन्यातून एका रविवारी आम्हा दोघांना जेवायला बोलावते. माझ्याशी नीट बोलते, भात वाढते, औषधं घेता ना विचारते. त्या शपथेबद्दल ताईंच्या खोलीनंतर आमच्यात एक अक्षर निघालं नव्हतं. काढायची माझी छाती नव्हती. तिची मुलगी सायली, आठ वर्षांची, बडबडी.

गेल्या महिन्यात जावई बाहेरगावी होता, आम्ही चौघंच जेवत होतो. ताटलीतला शेवटचा तळलेला बोंबील गायब झाला. मंदा म्हणाली, सायलीनेच खाल्ला असणार. सायली हात उडवत ओरडली, "मी नाही खाल्ला! आईशप्पथ, आजोबा!"

मुंबईतलं कुठलंही पोर दिवसातून दहा वेळा म्हणतं ते. सुनीताचा हात सटकन उठला आणि सायलीच्या गालावर बसला.

सायली रडलीसुद्धा नाही, इतकी चकित झाली. तिला आजपर्यंत कुणी मारलं नव्हतं. सुनीताने मारलेला हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता. मंदा ताटात बघत होती.

माझे पाय चपला शोधायला लागले. खरंच सांगतो, नऊ वर्षांनंतरही. सुनीताच्या बिल्डिंगखालून डावीकडे वळलं की चार दुकानं सोडून बार आहे, ते मला न बघता माहीत होतं. हे तुझं आहे, दत्ताराम, हे तू केलंस, उठ आणि जा, तू इथे बसायच्या लायकीचा नाहीस. तोच जुना आवाज. मी त्याला म्हटलं, हो, माझंच आहे. म्हणूनच बसतो.

"सायली, इकडे बघ," मी म्हणालो. "शपथ मोडली म्हणून कुणी मरत नाही. तुझी आई तुझ्याएवढी होती ना, तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडायची शपथ घेतली होती. आणि मोडली. शंभरदा मोडली. ती चूक माझी होती, तिची काहीच नव्हती. ती आजारी पडली तेही त्यामुळे नाही. आणि बघ, तिला काही झालं नाही. तुझ्यासमोर बसलीय."

सायलीने आईकडे बघितलं. सुनीता माझ्याकडे बघत होती. सरळ. असं तिने कधी बघितलं होतं ते मला आठवेना, कारण मीच कधी वर बघितलं नव्हतं.

"हे तेव्हा सांगायचं होतं, बाबा," ती म्हणाली.

"हो."

"टायफॉइडमध्ये मी रोज वाट बघायची. कुणीतरी येऊन सांगेल म्हणून."

"हो गो. सांगायला पाहिजे होतं."

"आता त्याचा काय उपयोग?"

माफ कर म्हणावंसं वाटलं, पण ते मागणं झालं असतं, आणि तिच्याकडून मी खूप घेऊन बसलो आहे. जेवण अर्धंच राहिलं होतं, भात निवत चालला होता. मी उठलो नाही, आणि तिच्याकडे बघत राहिलो.